तिसऱ्या शुक्रवारचं गाणं

शुक्र. ३ ऑक्टो.
गाणं आज दिलं. पवार मास्तरांच्या हातात. टाइप केलेलं, तीन कडवी, एक ध्रुपद, एकही खाडाखोड नाही.
मास्तर (पुढे प. मा., दर वेळी एवढं लिहायला वेळ नाही) आमच्या चर्चच्या मराठी मंडळीची पेटी वाजवतात. बाकीचे सहा दिवस मस्कतमध्येच, घाला भागातल्या एका फर्ममध्ये स्टोअरकीपर. कागद त्यांनी स्टॉक तपासावा तसा तपासला. ध्रुपदापाशी थांबले.

रेतीखाली वाट बुजली, खूण नाही मागे;
शेजारच्या सीटवरती प्रभू माझा जागे.

"सीटवर? प्रभू?"
"ट्रेलरमध्ये बाकडं नसतं, मास्तर."
हसले नाहीत. पण "सीट" खोडलंही नाही. "येत्या शुक्रवारपासून तीन," एवढंच म्हणाले.
म्हणजे १०, १७, २४. आमच्याकडची जुनी रीत: पहिल्या शुक्रवारी गाणं करणारा एकटा म्हणतो. दुसऱ्याला मंडळीबरोबर. तिसऱ्याला त्याने तोंड मिटून बसायचं. त्याच्याशिवाय गाणं उभं राहिलं तर मंडळीच्या गीतांच्या पुस्तकात क्रमांक मिळतो. पडलं तर कागद परत.
नवं पुस्तक नाताळआधी छापायला जाणार. मागचं निघालं तेव्हा मी शाळेत होते. म्हणजे आत्ता नाही तर पुन्हा कित्येक वर्षं नाही.

रवि. ५ ऑक्टो.
आठवड्याची सुरुवात. लॅबमध्ये अकरा प्रेशर गेज तपासले, दोन नापास. स्टिकर लावले.
जेवणाच्या सुट्टीत गाण्याची पट्टी तपासली. कॉयरच्या अकरा जणांचे आवाज मागच्या महिन्यात रेकॉर्ड केले होते. सगळ्यात खालचा स्वर, सगळ्यात वरचा, आलेख. ध्रुपद शेवटी "जागे" वर एकदम वर उडी घेतं, आवाज फुटून पातळ होतो आणि तिथेच थांबतो. अकरापैकी नऊ जणांना तो स्वर गाठता येतो. हरकत नाही.
आलेख प. मा.ना पाठवला. उत्तर: "बरं."

गुरु. ९ ऑक्टो.
दार्सैतला कार्यक्रम. पुण्या-मुंबईची कुटुंबं पुढे, मागे उभी कोकणातली मंडळी, थेट कामावरून आलेली. गिटार मी, बास गिटार स्टीवन. स्टीवन वसईचा, घालात गॅरेजमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन. वायर आणि तार दोन्हींना एकाच कपड्याने पुसतो.
सुरू व्हायच्या आधी आयोजक, नेहमीप्रमाणे: "मॅडम, धार्मिक नको हां. ते रस्त्याचं, ट्रकचं म्हणा."
चर्चमध्ये नेहमीप्रमाणे: "ट्रकचं नको, धार्मिक म्हणा."
दोन्हीकडे मी तीच चाल म्हणते. शब्द बदलते. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.
तिसऱ्या गाण्याला मागून आरोळी: "ताई, उडी मार!" मारली. शिट्ट्या. एक गृहस्थ नंतर भेटले, म्हणाले मराठीत असं अमेरिकन कंट्री संगीत गाणारं दुसरं कुणी ऐकलं नाही. मीही नाही. बरं गायले.

शुक्र. १० ऑक्टो. पहिला.
चर्चचा हॉल क्र. ३, अडीच ते चार. आमच्या आधी तमिळ मंडळी, नंतर फिलिपिनो. चार वाजता दाराबाहेर त्यांचे कीबोर्ड उभे असतात, मग कितीही पवित्र क्षण असो.
एकटी म्हटलं. छान झालं. हे लिहायला संकोच नाही, रेकॉर्डिंग आहे.
शांतामावशी (नर्स, वादी अदाईला राहतात, माझ्या जन्मापासून ओळखतात, म्हणून गाणी निवडणाऱ्या समितीवर असूनही माझा गाल ओढतात) म्हणाल्या, "अगं, अंगावर काटा आला. पण ते शेवटी काय करतेस ग, कोंबड्यासारखं?"
प. मा. पेटीवर कापड घालत होते. "त्या उडीच्या जागी साधा पंचम घे. लोक म्हणतील."
"ती काढली तर गाणं उरत नाही."
"उरतं का नाही ते तिसऱ्या शुक्रवारी कळेल."
काढणार नाही. कारण त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.

मंगळ. १४ ऑक्टो.
मुंबईहून ईमेल. एक रेकॉर्डिंग कंपनी, लहान पण खरी, चौकशी केली. पाच गाणी हवीत. "प्रत्येक गाण्यात तुमची ती सिग्नेचर हाय नोट असावी." महिनाअखेर कळवा म्हणतात.
स्टीवन: "घे ना! काय विचार करतेस? सही कर, मला बास दे."
कळवीन. घाई नाही. वाटाघाटी ज्याला घाई नाही त्यानेच कराव्यात.

शुक्र. १७ ऑक्टो. दुसरा.
मंडळीबरोबर. पहिल्या कडव्यानंतर ध्रुपद सगळ्यांना येऊ लागलं. मुलं "सीटवरती" जोरात म्हणतात, त्यांना त्यातला एकच शब्द नीट येतो.
एक नोंद: "जागे" आलं की सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळत होती. तीन वेळा वळली, तीन वेळा मी एकटीने उडी घेतली. लोक ऐकत होते. ठीक.
घरी येऊन क्रमांक कितवा येईल याचा हिशोब केला. १८०च्या पुढचा. पुस्तकात कवीचं नाव छापत नाहीत, फक्त क्रमांक. मम्मी गाणी क्रमांकानेच ओळखते. भाजी निवडताना "आज ६२ म्हणावंसं वाटतंय" असं म्हणणारी बाई. एक दिवस नगरला ती माझा क्रमांक म्हणेल.
कंपनीने माझं नाव मोठ्या अक्षरात छापलं तर आवडेल. पण क्रमांक हवाच आहे.

शनि. १८ ऑक्टो.
हमदचा फोन. आमचे सुपरवायझर. "करुणा, दुक्म. उद्या. एक आठवडा. प्लँटचं शटडाउन आहे, गेज दोनशे. यल्ला, चल."
"शुक्रवारी?"
"शुक्रवारी पण, इन्शाल्ला."
म्हणजे तिसऱ्या शुक्रवारी मी हॉलमध्येच नसणार. बरंच झालं. मागे बसले असते तर ओठ हलले असते. स्टीवनला रेकॉर्डरचं बटण शिकवलं. तीनदा.

सोम. २० ऑक्टो. दुक्म.
मस्कतहून येताना वाळवंटात चार-पाच ठिकाणी वाळू रस्त्यावर आलेली. ड्रायव्हर सालिम अशा ठिकाणी वेग कमी करून बिस्मिल्ला म्हणतो, मग काचेतून वाळूला काहीतरी सुनावतो.
पप्पांनी याहून लांबचा रस्ता बावीस वर्षं केला. मस्कत–सलाला, ट्रेलर. एका उन्हाळी सुट्टीत, मी आठ वर्षांची, मला केबिनमध्ये घेतलं होतं. डॅशबोर्डवर कॅसेट, तेलाच्या रिगवरच्या कुण्या गोऱ्याने दिलेली. गिटार, आणि घोड्यावर बसल्यासारखं गाणं. पप्पांना इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. ते त्याच चालीवर आपली उपासनेची गाणी म्हणायचे. आणि पापणी जड झाली की शेवटचा शब्द एकदम वर फेकायचे, आवाज फोडून. मी दचकायची. ते म्हणायचे, "झोपलो नाही ना मी? मग बस."
ती उडी म्हणजे हे. कौशल्य नाही. ट्रेलर रस्त्यावर राहावा म्हणून काढलेला आवाज.
लिहून ठेवलं. एवढंच.

शुक्र. २४ ऑक्टो. तिसरा. दुक्म.
दिवसभर गेज. एकोणचाळीस. संध्याकाळी पाचला स्टीवनची फाइल आली, सोबत काही लिहिलेलं नाही. स्टीवन कधी काही न लिहिता पाठवत नाही.
कँटीनच्या मागे बसून ऐकलं.
प. मा.नी चाल निम्म्याहून संथ केली आहे. पेटी, ढोलकी. माझ्या गिटारने जिथे चाकं फिरवली होती तिथे आता बैलगाडी चालली आहे. असो. शब्द सगळे बरोबर, लोक मोठ्याने म्हणताहेत. ध्रुपद. "शेजारच्या सीटवरती प्रभू माझा" – आणि पुढे कल्लोळ. कुणी वर, कुणी खाली, एक पुरुष मधेच अडकलेला, मुलं हसताहेत.
दुसरं कडवं. तीच जागा. प. मा.नी बोटं उचलली असावीत, कारण भात्याची फक्त हवा ऐकू येते. कुणीच म्हणत नाही. शांतता. मग पुढचं कडवं.
तिसऱ्यालाही तेच. शेवटी "प्रभू माझा", आणि गप्प. कुणीतरी खोकलं. गाणं तिथे संपलं.
शांतता मोजली. दुसऱ्या वेळी २.१ सेकंद, तिसऱ्या वेळी ३.४.
माझ्या गाण्यातला तो एक शब्द त्यांनी गाळला.

शनि. २५ ऑक्टो.
परतीच्या वाटेवर चूक सापडली. अकरा जण कॉयरचे होते. म्हणजे आधीच पास झालेले गेज मी पुन्हा तपासले आणि सगळा साठा पास म्हणून स्टिकर लावला. लॅबमध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला हमदपुढे उभं केलं असतं.
सालिमने विचारलं, "घरी सगळं ठीक?" म्हटलं, "ठीक." त्याने खजूर पुढे केला. त्याचा विश्वास बसला नव्हता.

मंगळ. २८ ऑक्टो.
समिती तिघांची: प. मा., शांतामावशी, पाळकसाहेब. निकाल नाही.
शांतामावशींचा फोन: "मी म्हटलं उभं राहिलं. तीनही कडवी म्हटली लोकांनी, आणखी काय हवं? पाळकसाहेब म्हणतात, शब्द गाळला म्हणजे पडलं. दोघं आम्ही भांडलो तुझ्यापायी, चहा गार झाला."
"आणि मास्तर?"
"तो घुम्या. म्हणतो, मी तिच्याशी बोलतो."

गुरु. ३० ऑक्टो.
प. मा. लॅबच्या दाराशी आले, जेवणाच्या सुट्टीत. पहिल्यांदाच. आत यायला तयार नव्हते, बूट धुळीचे म्हणून. बाहेर सावलीत उभे राहिलो.
"दोन रस्ते आहेत. तू तिथे साधा स्वर दे. मी पाळकसाहेबांना सांगतो, आज क्रमांक देतो."
"दुसरा?"
"दुसरा असा की ती जागा मोकळी राहू दे. लोकांनी ठेवली तशी."
"तुम्ही मुद्दाम बोटं उचललीत का?"
"पहिल्या कडव्याला सगळे रडल्यासारखे ओरडले. मला वाटलं, जे आपल्याला येत नाही ते म्हणू नये. म्हणून उचलली."
"माझा तिसरा रस्ता आहे. उडी राहील. लोक शिकतील."
"पोरी, मी साठीला आलो. मला तुझ्या पप्पांचीच उडी जमली नाही, तुझी काय जमणार."
ते म्हणाले, "तुला काय वाटलं, ओळखली नाही? ९८ साली तो हॉलमध्ये असाच ओरडला होता. तेव्हाच्या पाळकांनी बाहेर काढला होता त्याला."
हे मला माहीत नव्हतं.
मग घड्याळ बघून गेले. त्यांची सुट्टी माझ्यापेक्षा पंधरा मिनिटं कमी आहे.

शनि. १ नोव्हें.
दुपारी नगरला फोन. मम्मीने पप्पांच्या छातीवर मोबाइल ठेवला, ते जेवून आडवे झाले होते. तिसऱ्या शुक्रवारची फाइल लावली. आधी काही सांगितलं नाही. त्यांचं मत निर्भेळ हवं होतं.
पहिलं कडवं. पलीकडून घोरण्यासारखं काहीतरी. पहिलं ध्रुपद, तो सगळा कल्लोळ, घोरणं चालूच. दुसरं कडवं. मग ती शांतता.
"आँ? रेंज गेली का?"
"नाही पप्पा. गाणंच आहे."
"आगं, मी जागा झालो बघ एकदम."
"आधी झोपला होतात?"
"मग काय! पवाऱ्याची पेटी ती, बाळाला पाळण्यात घातल्यागत. डोळा लागला व्हता. ते थांबलं अन् खडबडून उठलो." मग, "ट्रेलरात बी असंच. इंजिनचा आवाज चालू असंल तवर माणूस पेंगतो. बंद पडलं की टक्क जागा."
मागून मम्मी: "क्रमांक मिळाला का?"
"अजून नाही."
"९८ साली तुम्हाला हॉलमधून काढलं होतं?" हे पप्पांना विचारलं.
"कोण म्हणतं? पवाऱ्या? त्यो स्वतः माझ्याआधी हसला व्हता, म्हणून त्याला आधी काढलं."
फोन ठेवल्यावर गिटारच्या तारा बदलल्या. गरज नव्हती.

गुरु. ६ नोव्हें.
प्रयोग. एका हॉटेलच्या लॉनवर कार्यक्रम, हवा आता बरी झाली आहे. रस्त्याच्या शब्दांचं तेच गाणं, शेवटच्या ध्रुपदाला उडी न मारता थांबायचं, दोन सेकंद, असं ठरवून गेले. स्टीवनला सांगितलं: तिथे बासही बंद.
त्याने बंद केला. मी केलं नाही. आवाज आपोआप वर गेला. टाळ्या, शिट्ट्या.
स्टीवन: "काय गो? तूच बोललीस ना थांबायचं?"
गळा माझ्या ताब्यात आहे असं मी समजत होते. बावीस वर्षं ट्रेलरमध्ये बसलेला माणूस तो ताबा असा सोडत नसावा.
गायले मात्र उत्तम.

रवि. ९ नोव्हें.
मुंबईला उत्तर, मुदतीनंतर नऊ दिवसांनी. चार गाणी, पाच नाही. हे गाणं त्यात नाही. "उडी जिथे गाण्याला लागेल तिथेच असेल. मोजून घालणार नाही." बास स्टीवनचाच.
पाठवून लगेच कामाला लागले. सात गेज, सगळे पास.

बुध. १२ नोव्हें.
मुंबई तयार. चार गाणी, फेब्रुवारी. माझ्या अटी मान्य. आश्चर्य वाटलं नाही. थोडं वाटलं.

शुक्र. २१ नोव्हें.
उपासनेनंतर शांतामावशींनी बाहेर गाठलं. पाळकसाहेब नरमले आहेत. म्हणाले, ती शांतता आठवडाभर डोक्यातून जाईना. प्रवचनात वापरली, गाण्याचं नाव न घेता. "पण निकाल पवारांवर सोडलाय. आणि पवार म्हणतात, निकाल करुणावर."
आमची समिती म्हणजे एकमेकांना ताट पुढे करणाऱ्या पाहुण्यांची पंगत.
आज पुन्हा गाणं झालं, चौथ्यांदा. रीतीत चौथा शुक्रवार नाही, प. मा.नी वाजवायला घेतलं एवढंच. मी गाडीत विसरलेली पाण्याची बाटली आणायला गेले. बाटली हातातच होती.

मंगळ. २ डिसें.
प. मा.नी प्रूफ पाठवलं. फर्मच्या पाकिटात, त्यावर "बेअरिंग ४ नग" लिहिलेलं खोडून माझं नाव.
पान ९४. माझं गाणं. क्रमांक १८७, पण पेन्सिलने. बाकी सगळे क्रमांक छापलेले आहेत.
आमच्या पुस्तकात स्वरलिपी नसते. शब्द, आणि वर एक ओळ: "चाल". तिथे कुठल्या जुन्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते लिहितात. बाकी सगळं तोंडातून तोंडात. माझ्या गाण्यावर "चाल:" छापलंय आणि पुढे कोरं. समासात मास्तरांचं अक्षर: "करुणाने भरावे. शुक्रवारी चारपर्यंत. मग छापखाना."
साधा स्वर लिहिला तर निकाल लागला. उडी लिहिली तर दहा वर्षं लोक त्या जागी कुरकुरतील, आणि मी नसेन तिथे पडतील. मोकळी जागा लिहिली तर पप्पांचा आवाज पुस्तकातून गेला. की तोच राहिला? हे मोजायला माझ्याकडे साधन नाही.

बुध. ३ डिसें.
पप्पांना विचारलं, काय लिहू.
"मला काय विचारती? मी चालवत व्हतो, तू शेजारी बसली व्हतीस. जागं कोण व्हतं ते तुलाच म्हाईत."
मी जागी होते. सलालापर्यंत. ते झोपतील म्हणून. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नव्हतं, आजही नाही.
ध्रुपद पुन्हा वाचलं. हे मी कुणाबद्दल लिहिलं होतं, असा प्रश्न पडला. देवाबद्दलच. पण सीटवर तेव्हा मी…

शुक्र. ५ डिसें.
दुपारी २.२०, हॉल क्र. ३ च्या बाहेर. तमिळ मंडळी अजून आत. स्टीवन अँप उचलून उभा आहे आणि सगळ्यांना "यल्ला, खलास करो" म्हणतोय, कुणी ऐकत नाही.
पाकीट बॅगेत आहे. "चाल:" पुढे अजून कोरं. पेन्सिल टोक करून आणली आहे.
प. मा. आत्ता आले. "लिहिलंस?"
"चारपर्यंत वेळ आहे."
"मग आज १८७ घेतो. पेन्सिलीचा असला म्हणून काय झालं."
"घ्या."
"तू?"
"मी मागे बसते."
"तोंड मिटून?"
सात आठवड्यांत पहिल्यांदा मी हॉलमध्ये असणार, ते गात असताना. दोन सेकंदांची ती जागा येईल तेव्हा माझा गळा काय करेल ते मला माहीत नाही. जे होईल ते लिहीन.
शांतामावशी माझ्या शेजारची खुर्ची रुमाल टाकून धरायला पुढे गेल्या आहेत. दार उघडलं.